डॉ. जॉन स्नो आणि गरिबांचे पाणी

साथीचे रोग गरिबांच्याच वस्तीत का थैमान घालतात, या प्रश्नाचे एक सोयीस्कर उत्तर प्रत्येक काळातील सुस्थित वर्गापाशी तयार असते. गरीब घाणीत राहतात, व्यसने करतात, आरोग्याचे नियम पाळत नाहीत. सबब ते आजारी पडतात, हे ते उत्तर. या उत्तराची सोय अशी, की त्यामुळे सारा दोष रोग्याच्या पदरात पडतो आणि इतर सर्वजण जबाबदारीतून मोकळे होतात. १८३१-३२ साली इंग्लंडमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, पहिली साथ आली तेव्हा हेच उत्तर धर्मपीठांवरून आणि सभांतून दिले गेले. मार्च १८३२ मध्ये तर ईश्वरी कोप शमावा म्हणून राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळण्यात आला. त्याच साथीत अठरा वर्षांचा एक मुलगा इंग्लंडच्या उत्तरेकडील एका कोळसा खाणीत रोग्यांवर उपचार करीत होता. या उत्तरातील फोलपणा पुढे त्याने आकड्यांनिशी सिद्ध केला. त्याचे नाव जॉन स्नो.

सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांतून डॉ. स्नो यांचे नाव लंडनमधील एका पंपाच्या दांड्याशी कायमचे जोडले गेले आहे. ती हकीकत खरी आहे. परंतु तेवढ्यावरच थांबले तर त्यांच्या कार्याचा मोठा भाग नजरेआड होतो. तो भाग पाणी विकणाऱ्या कंपन्या, ते विकत घेणारी कुटुंबे आणि या व्यवहाराकडे पाहत राहिलेले शासन यांच्यासंबंधीचा आहे. आज त्याचीच आठवण अधिक अगत्याची आहे.

खाणीतील धडा

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी यॉर्क शहरात झाला. वडील मजुरी करीत. नऊ भावंडांत जॉन थोरले. घर ऊझ नदीच्या काठच्या गरीब वस्तीत होते आणि नदीला पूर आला की पाणी त्या वस्तीत शिरे. चौदाव्या वर्षी त्यांना न्यूकॅसल येथील एका शल्यवैद्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. पटकीची साथ आली ती या उमेदवारीच्या काळात, आणि किलिंगवर्थ येथील खाणकामगारांवर उपचार करण्यासाठी गुरूंनी त्यांना तिकडे पाठवले.

तेथे त्यांनी जे पाहिले ते ते कधी विसरले नाहीत. खाणीत आठ-आठ तास काम चाले. जमिनीखाली शौचकूप नव्हते, हात धुण्यास पाणी नव्हते. बरोबर आणलेली भाकरी कामगार त्याच अंधारात, त्याच हातांनी खात. एकाला रोग झाला की तो अनेकांना होई. या निरीक्षणावरून पुढे स्नो यांनी केलेली सूचना लक्षात घेण्यासारखी आहे. कामगारांनी स्वच्छ राहावे असा उपदेश त्यांनी केला नाही. खाणीतील पाळी आठ तासांऐवजी चार तासांची करावी, म्हणजे कामगाराला जेवणासाठी घरी जाता येईल, असे त्यांनी सुचवले. ज्या ठिकाणी हात धुणे शक्यच नाही तेथे हात न धुणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, ही जाणीव या सूचनेच्या मुळाशी होती. स्वच्छता ही सवयीची बाब आहे हे खरे. पण ती सवय लागण्यासाठी आधी पाणी, वेळ आणि जागा असावी लागते.

१८३६ साली ते लंडनला आले. १८३८ मध्ये शल्यवैद्याची परवानगी आणि १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी त्यांनी मिळवली. ते शाकाहारी होते, मद्याला शिवत नसत आणि पिण्याच्या पाण्याबाबत अत्यंत काटेकोर असत. सोहो या दाट वस्तीच्या भागात त्यांनी व्यवसाय मांडला. १८४६ च्या अखेरीस ईथर देऊन शस्त्रक्रिया करण्याची वार्ता अमेरिकेतून आली आणि स्नो यांनी या नव्या विद्येत इतके प्रावीण्य मिळवले, की १८५३ व १८५७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या दोन बाळंतपणांत क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. मजुराचा मुलगा राजवाड्यापर्यंत पोहोचला. प्रतिष्ठा, प्राप्ती, नाव सर्व काही तेथे होते. परंतु त्यांचे चित्त गुंतले होते ते पटकीच्या प्रश्नात.

हवा की पाणी?

१८१७ मध्ये बंगालमधून पसरू लागलेली पटकी दोन दशकांच्या आत युरोपभर फिरली. तिचे कारण काय, याविषयी त्या काळच्या वैद्यकाचे मत जवळजवळ ठरलेले होते. कुजणाऱ्या घाणीतून निघणारी दूषित हवा श्वासावाटे शरीरात जाते आणि रोग होतो, असे मानले जाई. एडविन चॅडविक यांच्यासारखा कर्तबगार सुधारकही याच मताचा होता. १८४२ मध्ये त्यांनी श्रमिकांच्या आरोग्यविषयक स्थितीवर जो अहवाल सादर केला, त्याने इंग्लंडची सदसद्विवेकबुद्धी हलवली, हे मान्यच केले पाहिजे. मात्र चुकीच्या कारणमीमांसेतून चुकीचा उपाय जन्मला. दुर्गंधी घालवायची म्हणून घरांखालचे मैल्याचे खड्डे गटारांना जोडण्यात आले आणि गटारे थेम्स नदीत सोडण्यात आली. त्याच नदीचे पाणी अनेक कंपन्या नळावाटे शहराला पाजत होत्या. घरातला वास गेला आणि मैला पिण्याच्या पाण्यात आला. १८४८-४९ च्या साथीत इंग्लंड व वेल्समध्ये पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली.

स्नो यांचा संशय त्यांच्या व्यवसायातून बळावला. वायू कसे पसरतात आणि पसरता पसरता कसे विरळ होतात, हे भूल देणाऱ्या या डॉक्टराला नेमके ठाऊक होते. रोग हवेतून येत असेल तर रोग्याजवळ बसणारा डॉक्टर वाचतो आणि दूरचा माणूस मरतो, हे कसे? शिवाय पटकीची पहिली लक्षणे फुप्फुसात दिसत नाहीत, पोटात दिसतात. सबब रोगाचे विष तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे, रोग्याच्या मलातून बाहेर पडत असले पाहिजे आणि पाण्यात मिसळून दुसऱ्याच्या पोटात पोहोचत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १८४९ मध्ये एका पुस्तिकेत मांडला. जंतूंचा सिद्धांत अद्याप प्रस्थापित व्हायचा होता. त्यामुळे पुस्तिकेची दखल घेतली गेली, पण तिच्यावर विश्वास कोणी ठेवला नाही. पुरावा हवा होता. तो १८५४ ने दिला.

ब्रॉड स्ट्रीटचा पंप

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहोमधील ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीचा भयंकर उद्रेक झाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्नो यांचे घर तेथून जवळच होते. त्यांनी मृतांची यादी मिळवली आणि घरोघर जाऊन कोण कोठले पाणी पीत होते याची चौकशी केली. बहुतेक मृत ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाजवळ राहणारे होते. याहूनही बोलके होते ते अपवाद. शेजारच्याच दरिद्राश्रमात ५३५ माणसे होती आणि त्यांतील अवघी ५ दगावली. त्या आश्रमाची स्वतःची विहीर होती. जवळच्या दारूभट्टीतील सुमारे सत्तर कामगारांपैकी एकही मेला नाही. भट्टीची विहीर वेगळी होती आणि कामगार बहुधा पाण्याऐवजी बीअरच पीत. उलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्ध विधवा दगावली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडे आणि ते पाणी ती मुद्दाम मागवून घेई.

७ सप्टेंबरला स्नो यांनी स्थानिक मंडळापुढे ही हकीकत मांडली आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरू लागली होती आणि सर्वाधिक ग्रस्त रस्त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक वस्ती पळून गेली होती, हे स्वतः स्नो यांनीच प्रांजळपणे नमूद केले आहे. तथापि गोष्ट तेथे संपत नाही. त्या भागातील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड हे स्नो यांचे मत खोडून काढण्यासाठी तपासाला लागले आणि तपासाअंती त्यांचेच मन पालटले. पंपासमोरील घरातील एका तान्ह्या मुलीला उद्रेकापूर्वी अतिसार झाला होता. तिची दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैलाकुंडात टाकले गेले होते. कुंडाच्या विटा ढासळल्या होत्या आणि विहीर त्यापासून तीन फुटांच्या आत होती. दांडा काढला त्याच दिवशी त्या मुलीच्या वडिलांनाही पटकीने गाठले, म्हणजे विहिरीत पुन्हा विष उतरण्याची तयारी झालीच होती. दांडा काढल्याने दुसरी लाट टळली असावी, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो.

एकाच रस्त्यातील दोन नळ

परंतु स्नो यांच्या स्वतःच्या दृष्टीने निर्णायक पुरावा वेगळाच होता. थेम्सच्या दक्षिणेकडील लंडनमध्ये साऊथवार्क अँड व्हॉक्सहॉल आणि लँबेथ या दोन खासगी कंपन्या पाणीपुरवठा करीत. दोघींच्या नळवाहिन्या पुष्कळ ठिकाणी एकाच रस्त्याखालून गेल्या होत्या. एका घराला एकीचे, शेजारच्या घराला दुसरीचे पाणी मिळे. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण शहराच्या वर, जेथे लंडनची गटारे नदीला मिळत नव्हती अशा जागी हलवले होते. दुसरी कंपनी मात्र बॅटर्सी येथूनच, शहराच्या मैल्याने भरलेले पाणी उपसत होती. सुमारे तीन लाख लोक अशा रीतीने दोन गटांत विभागले गेले होते. वस्ती तीच, हवा तीच, घरे व धंदे सारखेच, गरिबी सारखीच. फरक फक्त पाण्याचा.

१८५४ च्या साथीत स्नो यांनी प्रत्येक मृत्यूच्या घरी जाऊन तेथे कोणत्या कंपनीचे पाणी येते हे शोधण्याचा सपाटा लावला. येथे एक अडचण उभी राहिली. अनेक भाडेकरूंना आपल्याला कोणती कंपनी पाणी देते हेच माहीत नव्हते. पाणीपट्टी घरमालक भरी. कंपनीची निवड मालकाची, पैसा मालकाच्या हातून, आणि पाणी मात्र भाडेकरूच्या पोटात. स्नो यांनी त्यावर रसायनशास्त्राचा उपाय काढला. बॅटर्सीच्या पाण्यात भरतीबरोबर येणारे मीठ व मैल्यातील क्षार मोठ्या प्रमाणावर असत. सिल्व्हर नायट्रेट घालताच त्या पाण्याची कंपनी ओळखू येई. दर गॅलनमागे एका पाण्यात जवळजवळ ३८ ग्रेन मीठ आढळे, तर दुसऱ्यात एक ग्रेनही नसे.

साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे आकडे असे आहेत. साऊथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५. लँबेथ कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू, म्हणजे दर दहा हजारांमागे ३७. लंडनच्या उरलेल्या भागात हेच प्रमाण ५९ होते. एकाच गल्लीतील समान स्थितीच्या कुटुंबांत मृत्यूचे प्रमाण आठपटींहून अधिक असेल, तर त्याला आळस, व्यसन वा अज्ञान ही कारणे पुरत नाहीत. दोन्ही नळांच्या घरी मद्यपी होते आणि संयमीही होते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या ठिकाणी क्षणभर थांबल्यावाचून राहणार नाही. स्पर्धेमुळे ग्राहकाला चांगली वस्तू मिळते, हा बाजारपेठेचा मूलभूत दावा होय. येथे दोन विक्रेते समोरासमोर उभे होते. तरीही स्पर्धेने ग्राहकाचे रक्षण केले नाही. कारण वस्तूचा गुण डोळ्यांना दिसत नव्हता, निवड करणारा आणि पिणारा एक नव्हता, आणि चुकीच्या निवडीची किंमत रुपया-पैशांत नव्हे तर प्राणांत मोजावी लागत होती. अशा वस्तूचे नियमन बाजारावर सोपवता येत नाही. विशेष म्हणजे संसदेला धोक्याची कल्पनाच नव्हती असेही नाही. १८५२ च्या कायद्याने कंपन्यांना भरतीच्या टप्प्याच्या वरून पाणी घेण्याचा आदेश दिला होता. मात्र त्यासाठी ३१ ऑगस्ट १८५५ पर्यंतची मुदतही दिली होती. दक्षिण लंडनमधील ती माणसे या मुदतीच्या आत मेली. कंपनीने कायदा मोडला नव्हता.

पुरावा आणि सत्ता

१८५५ मध्ये स्नो यांनी आपल्या पुस्तिकेची विस्तारित आवृत्ती काढली. तिच्यासाठी पदरचे दोनशे पौंडांहून अधिक खर्च केले. तिच्या ५६ प्रती खपल्या आणि हाती साडेतीन पौंडांच्या आसपास रक्कम आली. शासनाने नेमलेल्या वैद्यकीय समितीने ब्रॉड स्ट्रीटच्या उद्रेकासंबंधीचे त्यांचे मत अग्राह्य ठरवले. त्याच वर्षी हाडे उकळणे, साबण बनवणे असे दुर्गंधीचे धंदे करणाऱ्यांच्या बाजूने त्यांनी संसदीय समितीपुढे साक्ष दिली. दुर्गंधी उपद्रवकारक असेल, पण तिने साथ पसरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. साथीपुरते ते बरोबर होते. मात्र हवेच्या प्रदूषणाने होणारे इतर अपाय त्यांनी फारच कमी लेखले, असे आज म्हणावे लागते. एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकाने या साक्षीवरून त्यांची कठोर हेटाळणी केली.

१० जून १८५८ रोजी लिहीत बसले असता त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जून रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. त्याच नियतकालिकाने दिलेल्या त्रोटक मृत्युवार्तेत क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, पटकीचा नव्हता. योगायोग असा, की त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या असह्य दुर्गंधीने संसदेचे कामकाज चालवणे कठीण झाले आणि अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या प्रचंड योजनेला वेगाने मंजुरी मिळाली. दक्षिण लंडनच्या हजारो मृत्यूंनी जे झाले नव्हते, ते खासदारांच्या नाकांनी घडवून आणले.

१८६६ मध्ये पटकी पुन्हा लंडनमध्ये आली. या वेळी ती मुख्यतः पूर्वेकडील श्रमिक वस्तीत पसरली. तेथे गटारांची नवी योजना पूर्ण झालेली नव्हती आणि तेथील कंपनीने न गाळलेले पाणी नळात सोडले होते. मृत्यूंची सरकारी आकडेवारी सांभाळणारे विल्यम फार हे पूर्वी दूषित हवेच्या मताचे होते. त्यांनी स्नो यांचीच पद्धत वापरून त्या कंपनीच्या पाण्याचा दोष सिद्ध केला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू निश्चितपणे दाखवून दिला. १८९२ मध्ये जर्मनीत हँबर्ग शहरात एल्बे नदीचे न गाळलेले पाणी पिऊन आठ हजारांवर माणसे मेली, तर पाणी गाळून देणारे लगतचे आल्टोना पुष्कळ अंशी बचावले. लंडनच्या आठ खासगी पाणी कंपन्या सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात आल्या त्या १९०४ मध्ये. स्नो यांच्या आकड्यांना तेव्हा अर्धशतक होत आले होते.

हैतीचा दाखला

ही सारी गतशतकांची कहाणी आहे, असे मानून समाधान पावण्याची सोय मात्र नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये, भूकंपाने आधीच उद्ध्वस्त झालेल्या हैती देशात पटकीचा उद्रेक झाला. आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यातील लोक नदीचेच पाणी पीत, त्यातच स्नान करीत, तेच शेतीला देत. नदीला मिळणाऱ्या एका प्रवाहाकाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता आणि त्या तळाच्या मैल्याची व्यवस्था सदोष होती. रोग कोठून सुरू झाला, हे संशोधकांनी स्नो यांच्याच रीतीने, गावे आणि मृत्यू नकाशावर मांडून शोधून काढले. सुमारे दहा हजार माणसे मेली. आपल्या भूमिकेबद्दल हैतीच्या जनतेची क्षमा मागण्यास संयुक्त राष्ट्रांना डिसेंबर २०१६ उजाडावा लागला. नुकसानभरपाईचे दावे तर न्यायालयीन संरक्षणाच्या भिंतीवर आपटून परत आले. २०२२ मध्ये जगातील सुमारे २२० कोटी लोकांना घरात सुरक्षित व खात्रीचे पिण्याचे पाणी मिळत नव्हते, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त अंदाज आहे.

पाणी गाळावे कसे, शुद्ध करावे कसे, मैला त्यापासून दूर ठेवावा कसा, हे ज्ञान आता शंभर वर्षांहून जुने झाले आहे. कमतरता आहे ती उत्तरदायित्वाची. हात धुण्याचे, पाणी उकळण्याचे उपदेश आवश्यक आहेत. स्वतः स्नो यांनीही रोग्याच्या उशाशी पाणी व टॉवेल ठेवण्यास सांगितले होते. परंतु जी स्त्री दोन मैलांवरून घागर आणते, किंवा ज्या झोपडीतील नळाला गटारातून गेलेली वाहिनी जोडलेली आहे, त्यांच्या आजाराचे खापर त्यांच्याच सवयींवर फोडणे म्हणजे १८३२ च्या उपवासाचा दिवस पुन्हा पाळणे होय.

डॉ. स्नो यांनी मृताच्या दारात जाऊन त्याच्या चारित्र्याची चौकशी केली नाही. येथे पाणी कोठून येते, ते कोण देते, एवढेच त्यांनी विचारले. आजही एखाद्या वस्तीत अतिसाराची वा काविळीची साथ आली, तर नगरपालिकेच्या सभेत, वर्तमानपत्राच्या कचेरीत आणि शाळेच्या वर्गात विचारला गेला पाहिजे तो हाच प्रश्न, आणि तोही आजाऱ्याला नव्हे, तर नळाच्या दुसऱ्या टोकाशी असणाऱ्यांना.